४४ व्या वर्षी शिक्षक व्हायचंय, पण त्या स्मार्टबोर्डची धास्ती वाटते

प्रश्न: ताई, नमस्कार. मी नाशिकचा, वय ४४, बीएस्सी फिजिक्स. सातपूरला एका कारखान्यात २१ वर्षं क्वालिटीला आहे. कॉलनीतल्या दहावीच्या पोरांना संध्याकाळी गणित-विज्ञान शिकवतो, पैसे घेत नाही, आणि खरं सांगू का, दिवसभरात तेवढाच एक तास मनासारखा जातो. शिक्षक व्हायचं डोक्यात आहे. पण परवा भाचीच्या शाळेत गेलो तर भिंतीवर भलामोठा टचचा बोर्ड, मॅडम बोटाने आकृत्या फिरवतायत, पोरं पटापट उत्तरं दाबतायत. घरी आलो तो गप्पच बसलो. या वयात हे जमेल का? बायको म्हणते, आधी हप्त्यांचं बघा.
– एक वाचक

उत्तर: दादा, वहिनींचं बरोबर आहे, म्हणून आधी तेच. बीएड २०१५ पासून दोन वर्षांचं झालंय, त्यात २० आठवडे शाळेत इंटर्नशिप असते, म्हणजे शिफ्ट सांभाळून होणार नाही हे आत्ताच पक्कं धरून चाला. आत शिरायला सीईटी. सहावी ते आठवीला शिकवायचं तर टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर, १५० मार्कांचा. (पहिली ते पाचवीला बीएडवर घेत नाहीत, २०२३ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आलाय.) सरकारी भरतीत वयाची अट खुल्या गटाला साधारण ३८ आणि राखीवला ४३, त्यामुळे झेडपीचा विचार सोडा, खासगी शाळाच बघाव्या लागतील, आणि तिथला सुरुवातीचा पगार तुमच्या आत्ताच्या पगाराच्या जवळपासही नसेल. घराचे हप्ते निदान तीन वर्षं निघतील एवढी सोय झाल्याशिवाय राजीनामा देऊ नका, प्लीज.

आता बोर्ड. मी स्वतः ४१ व्या वर्षी बँक सोडून वर्गात आले, आणि सांगते, बोर्ड आठवडाभरात हाताला बसतो. वर्ग बसायला मला अख्खं वर्ष लागलं.

नववीला धाराविद्युत शिकवत होते. बाकावर सेल, वायर, छोटा बल्ब, पोरांनीच जोडला, पेटला, आरडाओरडा झाला. मग विचारलं, करंट बल्बच्या आधी जास्त की नंतर? जवळजवळ सगळा वर्ग म्हणाला, आधी जास्त, बल्बमध्ये थोडा संपतो ना. मी दोनदा समजावलं, माना हलवल्या, पण पटलेलं नव्हतं, चेहऱ्यावर दिसतं ते. मग बोर्डावर फेट लावलं, म्हणजे विज्ञानाचे प्रयोग स्क्रीनवर करून बघायचं सॉफ्टवेअर. कोलोरॅडो विद्यापीठाचं आहे, फुकट, मराठीतही मिळतं, डाउनलोड करून ठेवलं की नेट नसलं तरी चालतं. त्यात सर्किट जोडलं की इलेक्ट्रॉनचे निळे ठिपके तारेतून सरकताना दिसतात. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी तोंड उघडायची नाही, उठून बोर्डापाशी आली, बल्बच्या अलीकडे एक बोट ठेवलं, पलीकडे दुसरं, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, दोन्हीकडे सारखेच जातायत की!"

एवढ्यासाठी बोर्ड हवा, जे डोळ्याला दिसत नाही त्यासाठी. बल्ब मात्र आधी खराच पेटवायचा. नुसते व्हिडिओ लावून तास ढकलणारे पण मी बघितलेत, मला त्याचा मनापासून राग येतो. आणि लाईट गेली की खडू-फळा आहेच.

रणजितसिंह डिसले गुरुजींचं उदाहरण घ्या, ज्यांना २०२० ला ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत त्यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले ते मुलांना घरी, आपल्या भाषेत धडा ऐकता-बघता यावा म्हणून. आधी मुलांची अडचण दिसली, कोड नंतर आला.

आणि तुमच्याकडे जे आहे ते माझ्याकडे कधीच नव्हतं. २१ वर्षं बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर हातात धरलेला माणूस! मुलं लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, नुसतं पाठ करतात, ते चुकलं तर अख्खा लॉट रिजेक्ट होतो हे त्यांना कोण सांगणार?

तर असं करा. ओळखीच्या मुख्याध्यापकांना विचारून चार दिवस रजा टाका आणि मागच्या बाकावर बसा, जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास नक्की बघा, तो सगळ्यात अवघड. आणि संध्याकाळच्या पोरांसमोर याच आठवड्यात लॅपटॉप उघडा, पण आधी सेल, वायर आणि बल्ब. त्यांना तोच प्रश्न विचारा, करंट आधी जास्त की नंतर, आणि काय म्हणाली ते मला नक्की कळवा.