पंपिंग तुमचं, वर्षं तिची

पत्र : मॅडम, मी एसटीत वाहक होतो. तीन वर्षांपूर्वी हार्ट मोठं झाल्याचं निघालं. ब्लॉकेज एकही नाही, पण पंपिंग ३० टक्के. माझा थोरला भाऊ ४६व्या वर्षी असाच गेला, झोपेतच. मुलगी १९ वर्षांची आहे. दोनदा नीट दिली, नंबर लागला नाही. आता म्हणते, हृदयाच्या पेशींवर संशोधन करणार, ‘पप्पा, तुमचं हार्ट मी नवीन करून देते.’ मलाही पटलं. तिला सांगितलंय, आता मागं फिरायचं नाही. लवकरात लवकर सुरुवात कुठून होईल? माझ्याकडं वेळ कमी आहे. तोवर एका दवाखान्यात साडेतीन लाखांत स्टेम सेलचं इंजेक्शन देतात, ते तिच्या शिक्षणाच्या पैशातून घ्यावं का?
– एक पालक, लातूर जिल्हा

दादा,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांत आईवडील मुलांना डॉक्टर करायला निघालेले असतात आणि मूल मान खाली घालून बसलेलं असतं. तुम्ही तसे नाही. लेक संशोधन करते म्हणाली आणि तुम्ही ‘कर’ म्हणालात. हे आपल्याकडे किती कमी बाप म्हणतात, ते मला माहीत आहे.

पण ‘मागं फिरायचं नाही’ आणि ‘माझ्याकडं वेळ कमी आहे’ ही दोन वाक्यं तुम्ही तिच्यासमोर बोलला असाल, तर त्या पोरीच्या डोक्यावर काय ठेवलंत याचा विचार करा. नीटचं ओझं परवडलं. नीट हुकली तर एक प्रवेश हुकतो. इथं तिचा प्रयोग फसला तर बाप जाईल, असा हिशोब तिच्या मनात बसणार आहे. एकोणीस वर्षांची मुलगी रात्री कूस बदलत हे मोजत असेल. तुम्ही तिला रागावला नाहीत, मारलं नाहीत, सगळं मायेनंच केलंत. म्हणून तर तिला ‘नको’ म्हणायला जागाच उरली नाही.

आणि तो हिशोब मुळातच चुकीचा आहे. आज ती बीएस्सीला बसली तर बीएस्सी, एमएस्सी आणि पीएचडी मिळून दहा-अकरा वर्षं. त्यानंतर दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत आणखी काही वर्षं काढली की मग स्वतःचा प्रश्न स्वतःच्या हिमतीवर घेता येतो. या विषयात जगभरातली हुशार माणसं पंचवीस-तीस वर्षं खपताहेत. तिनं कितीही जीव तोडला तरी तुमच्या हृदयापर्यंत ते काम वेळेत पोचेल, असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. तुमचं हृदय तुमच्या कार्डिओलॉजिस्टकडे द्या. गोळ्या एक दिवसही चुकवू नका. हार्ट फेल्युअरच्या औषधांत गेल्या दहा-पंधरा वर्षांत खरोखर फरक पडलाय. चार प्रकारची औषधं एकत्र देतात आणि बऱ्याच जणांचं पंपिंग त्यावर वाढतं. तुम्हाला त्यातली कोणती चालू आहेत, कोणती नाहीत आणि का नाहीत, हे पुढच्या तपासणीला कागदावर लिहून नेऊन विचारा.

आता इंजेक्शन. ते घेऊ नका.

स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी, जिच्यातून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी तयार होऊ शकतात. ‘स्टेम सेल सोडल्या की त्या हृदयात जाऊन नवीन स्नायू तयार करतात’ हा समज कुठून आला, ते तुम्हाला कळायला हवं. २००१ साली अमेरिकेतल्या एका गटानं छापलं की अस्थिमज्जेतल्या पेशी उंदराच्या हृदयात सोडल्यावर त्यांचा हृदयस्नायू झाला. जगभर गाजावाजा झाला आणि रुग्णांवरही प्रयोग सुरू झाले. २००४मध्ये दुसऱ्या प्रयोगशाळांनी तेच करून पाहिलं, तर त्यांना तो स्नायू दिसेना. वाद पुढं कित्येक वर्षं चालला. अखेर २०१८मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूल आणि तिथल्याच ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलनं त्या गटाच्या प्रमुखाच्या प्रयोगशाळेतले ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत, त्यात खोटी किंवा फिरवलेली माहिती आहे, असं सांगितलं. सतरा वर्षं, दादा. मधल्या काळात किती आजारी माणसांनी त्यावर आशा लावली असेल! आपल्याकडे आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेल फक्त मंजुरी असलेल्या क्लिनिकल ट्रायलमध्ये (रुग्णांवरच्या अधिकृत चाचणीत) द्यायच्या, आणि ट्रायलमध्ये रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. जो दवाखाना साडेतीन लाख मागतो, त्याचं उत्तर त्या मागणीतच आलं. ते पैसे बँकेत राहू द्या.

खरं काम कुठवर आलंय? जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६मध्ये उंदराच्या आणि २००७मध्ये माणसाच्या साध्या पेशींना मागं नेऊन कोवळ्या मूळ पेशींसारखं केलं. २०१२चं नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत त्याच दिशेच्या कामासाठी मिळालं. अशा पेशींपासून आज हृदयस्नायूच्या पेशी ताटलीत वाढवता येतात. २०१४मध्ये सिएटलच्या गटानं मूळ पेशींपासून बनवलेल्या सुमारे शंभर कोटी मानवी हृदयपेशी माकडांच्या दुखावलेल्या हृदयात घातल्या. त्या तिथं रुजल्या, पण ठोके बिघडले. नव्या पेशी कोवळ्या असतात, आपापल्या तालानं उडतात. २०२०च्या जानेवारीत ओसाकात अशा पेशींची पातळ चादर पहिल्यांदा रुग्णाच्या हृदयावर बसवली गेली. काम पुढं सरकतंय, पण पावलापावलानं.

मी स्वतः काही वर्षं अशा पेशी वाढवल्या आहेत, म्हणून तुमच्या लेकीला त्या कामाचं रोजचं रूप सांगते. ३७ अंशांवरचा इनक्युबेटर, आत ताटल्या, ताटलीत गुलाबी द्रावण. ते पिवळं पडलं की समजायचं, पेशी उपाशी आहेत. दर दोन दिवसांनी ते बदलायचं, मग दिवाळी असो की घरचं लग्न. आठव्या-दहाव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली बघताना एका कोपऱ्यात काहीतरी हललेलं दिसतं. आधी वाटतं, टेबलाला धक्का लागला. मग ते पुन्हा हलतं, त्याच ठेक्यात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी खुर्ची सोडून उभी राहिले होते. आणि एकदा जोडून सुट्ट्या आल्या, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर संपला, बदलायला कुणी नव्हतं. सोमवारी दार उघडलं तर चार महिन्यांच्या पेशी मेलेल्या. त्या दिवशी ताटल्या धुऊन पहिल्यापासून सुरुवात केली. ज्याला प्रश्नाची ओढ असते, त्याला हे झेपतं. बापाचा जीव वाचवण्याच्या घाईनं आलेल्या मुलीला असा एक सोमवार मोडून टाकेल.

तिला ती ओढ आहे का? मला वाटतं, आहे. तुमच्या पत्राच्या तळाशी वेगळ्या पेनानं दोन ओळी होत्या. तुम्ही पाहिल्यात का, माहीत नाही. ‘मॅडम, झेब्राफिशचं हृदय कापलं तरी परत भरतं. आपल्याला ते मुळात येतच नाही, की येत होतं आणि गेलं?’ झेब्राफिश हा प्रयोगशाळेत पाळतात असा छोटा पट्टेरी मासा. या दोन ओळींत तुमच्या आजाराचा उल्लेख नाही. तुमच्या अख्ख्या पत्रात करिअरबद्दलचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच आहे.

बाळा, हे तुझ्यासाठी. प्रश्न अगदी नेमका विचारलास. २००२मध्ये केनेथ पॉस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की झेब्राफिशच्या जवनिकेचा पाचवा भाग कापला तरी दोनेक महिन्यांत ती भरून येते. २०११मध्ये डॅलसच्या गटानं एक दिवसाच्या उंदराच्या पिल्लावर तेच केलं, तर त्याचंही हृदय भरून आलं. सात दिवसांच्या पिल्लाचं मात्र आलं नाही, तिथं व्रण राहिला. म्हणजे निदान उंदरात तरी ते येत होतं आणि आठवड्यात गेलं. का गेलं, यावर अजून एकमत नाही. एक कारण असं की जन्मानंतर हृदयाला एकदम जास्त दाबाचं, जास्त प्राणवायूचं काम पडतं आणि पेशी आतून आकुंचनाच्या तंतूंनी गच्च भरते. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर ते तंतू सोडवावे लागतात. तुझ्या पप्पांना विचार, धावत्या गाडीचं इंजिन उतरवता येतं का? माणसात तर ही क्षमता पुरती शून्यही होत नाही. पन्नास-साठच्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन-१४ वाढला आणि अन्नातून आपल्या डीएनएत उतरला. पेशीच्या डीएनएत ती तयार झाली तेव्हाच्या हवेची खूण राहते. त्यावरून स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये योनास फ्रिसेन यांच्या गटानं २००९मध्ये हृदयपेशींचं वय काढलं. पंचविशीत वर्षाला साधारण एक टक्का पेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत त्याच्याही निम्म्या. तो एक टक्का वाढवायचा कसा, यावर अख्खं आयुष्य घालवता येईल.

पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत झेब्राफिशच्या हृदयावर काम होतं. विज्ञान दिनाच्या सुमारास संशोधन संस्था लोकांसाठी खुल्या असतात, तेव्हा एकदा तिथं जाऊन मासे बघून ये. परीक्षांचं थोडक्यात सांगते : आयसरसाठी, म्हणजे केंद्राच्या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी, आयएटी ही प्रवेश परीक्षा (बारावीच्या वर्षाची अट आधी बघ), नाहीतर चांगल्या कॉलेजात बीएस्सी, मग एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम, मग पीएचडीच्या फेलोशिपसाठी सीएसआयआर-नेट. ती फेलोशिप (जेआरएफ) मिळाली की महिन्याला ३७,००० रुपये विद्यावेतन असतं, घरी हात पसरावा लागत नाही. आणि चार वर्षांनी वाटलं की मासे नकोत, बँकेची परीक्षा बरी, तर खुशाल फिर. पप्पांनी घातलेली अट मी माझ्या अधिकारात रद्द केली असं समज.

दादा, एक गोष्ट मुद्दाम मागं ठेवली होती. ब्लॉकेज नसताना हार्ट मोठं होणं, पंपिंग कमी होणं आणि सख्खा भाऊ ४६व्या वर्षी झोपेत जाणं, हे एकत्र वाचून मला करिअरच्या आधी दुसरीच काळजी लागली. हा आजार काही घराण्यांत चालत येतो. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंवर काम करणाऱ्या संस्थेतल्या आणि इतर संशोधकांनी २००९मध्ये हृदयस्नायूच्या एका जनुकातला असा बदल दाखवला, जो आपल्याकडे शंभरात सुमारे चौघांत सापडतो आणि उतारवयात हृदय कमजोर होण्याची शक्यता वाढवतो. तुमच्या घरात तोच असेल असं मी म्हणत नाही. ते डॉक्टर ठरवतील. पण अशा रुग्णाच्या सख्ख्या भावंडांची आणि मुलांची तपासणी करावी आणि रिपोर्ट चांगला आला तरी ती काही वर्षांनी पुन्हा करावी, असा वैद्यकशास्त्राचा सल्ला आहे. ईसीजी आणि टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी), सुई नाही, दुखत नाही, अर्ध्या तासाचं काम. तुमच्या लेकीचा एको झालाय का? भावाच्या मुलांचा? पत्रात कुठं दिसला नाही. ती तुमचं हृदय बघायला निघाली आहे, तिचं कुणी बघितलेलं नाही.

घाबरू नका, तिलाही घाबरवू नका. बहुतेक वेळा रिपोर्ट चांगलाच येतो. काही निघालंच, तर लवकर निघालेलं बरं, औषधं वेळेत सुरू होतात. पुढच्या तपासणीला जाताना तिला आणि पुतण्यांना सोबत न्या. भाऊ कसा गेला ते डॉक्टरांना स्वतःहून सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका.

प्रवेशाचं त्यानंतर बोलू. पुढचं पत्र तिला एकटीला लिहू द्या. पाकीट बंद करून ती देईल, तुम्ही फक्त पेटीत टाका.