दवाखाना कुणाच्या अखत्यारीत?

ताई, सप्रेम नमस्कार.
मी अहिल्यानगर जिल्ह्याच्या डोंगराळ भागात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशी नवी पाटी लागली, पण आत साप चावल्यावर द्यायचं इंजेक्शन पावसाळा लागल्यापासून नाही. डॉक्टर म्हणतात, मागणी पाठवली आहे. आमदारसाहेब म्हणतात, ही केंद्राची योजना. खासदारांकडे गेलो तर म्हणाले, आरोग्य राज्याकडे असतं. गावातली पोरं आता वैतागली आहेत. ‘आरोग्य खातं थेट दिल्लीच्या ताब्यात द्या, म्हणजे देशभर एकच नियम होईल’ असा अर्ज करून हजार सह्या गोळा करायचं त्यांनी ठरवलंय. अर्ज मी लिहून द्यावा असा आग्रह आहे. लिहू का?
– एक शिक्षक

गुरुजी, तो अर्ज लिहू नका. पोरांचा राग खरा आहे, हजार सह्या गोळा करायची त्यांची तयारी तर मोलाची आहे. पण अर्जावरचा पत्ता चुकतोय.

घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूची आहे. तिच्यातली सहावी नोंद म्हणजे सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता, रुग्णालयं आणि दवाखाने. म्हणजे तुमचा दवाखाना राज्याच्या अखत्यारीत येतो, आणि आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्र व उपकेंद्र जिल्हा परिषद चालवते. मग पाटी दिल्लीची का? तर पैशामुळे. राष्ट्रीय आरोग्य अभियानात १०० रुपयांतले ६० केंद्राचे आणि ४० राज्याचे असतात, आणि ६० रुपये देणारा अटी घालतो. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्राने राज्यांना पत्र पाठवून आरोग्यवर्धिनी केंद्रांचं नाव बदलून ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ करायला सांगितलं. पंजाबने स्वतःच्या नावाने दवाखाने चालवले, तर त्याचा अभियानाचा निधी अडवला गेला. पाटीच्या नावावरून औषधपाण्याचा पैसा अडावा, हे मला अजिबात पटत नाही. आमदार आणि खासदार दोघेही तुमच्याशी अर्धं खरं बोलले. तुमच्या गावाला जे इंजेक्शन मिळत नाहीये, ते दोघांनी गाळलेल्या अर्ध्या भागात अडकलंय.

मी १९८४ पासून ३१ वर्षं आरोग्य सेविका होते, त्यातली बरीचशी ठाणे जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात गेली. तो भाग आता पालघर जिल्ह्यात येतो. तिथली एक गोष्ट सांगते, म्हणजे मी नाही का म्हणते ते कळेल.

२००५ साली केंद्राने ग्रामीण आरोग्य अभियान आणलं. त्यातून आशा सेविका आल्या, आणि उपकेंद्राला वर्षाला १० हजारांचा अबंधित निधी, म्हणजे तिथल्या गरजेप्रमाणे खर्चायचा पैसा, मिळू लागला. खातं सिस्टर आणि सरपंच यांच्या नावाने होतं. दिल्लीने केलेली ही चांगली गोष्ट होती, ते मी कुठेही सांगेन. माझं उपकेंद्र दोन खोल्यांचं, कौलारू. बाळंतपणाचं टेबल होतं, पण पाणी नव्हतं. बोअर खाली वस्तीवर, तिथून हंडा आणायचा. सरपंच आणि मी बसून ठरवलं की या पैशातून पाइप ओढायचा आणि टाकी बसवायची.

तेवढ्यात वरून निरोप आला, पासबुक घेऊन या. गेलो तर छापील यादी तयार होती. लोखंडी कपाट, वजनकाटा, योजनेच्या नावाचा बोर्ड. सगळ्या उपकेंद्रांना तेच सामान, बिलंसुद्धा तयार, फक्त सह्या बाकी. वजनकाटा माझ्याकडे होता. मी तसं म्हटलं. ‘सिस्टर, वरून ठरलंय’ एवढंच उत्तर मिळालं. मी सही केली. त्याच श्रावणात रात्री एक बाळंतीण आली. तिचा नवरा अंधारात हंडा घेऊन बोअरकडे धावला, पण तो परत यायच्या आत बाळ आलं. मी सलाइनची बाटली फोडून त्या पाण्याने हात धुतले. कोपऱ्यात नवं कपाट उभं होतं, प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं.

पैसा गावासाठीच होता, नियमही गावाच्याच बाजूने होता. निर्णय मात्र गावापासून लांब गेला आणि पाण्याऐवजी कपाट आलं. हे तालुका-जिल्ह्याच्या पातळीवर घडलं. तोच निर्णय हजार-बाराशे किलोमीटर लांब गेला तर काय होईल, हे पोरांना विचारा.

२००७ पासून महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख सुरू झाली. पहिले पाच जिल्हे म्हणजे अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे. गावातल्या लोकांनी दवाखान्याला गुण द्यायचे, चांगलं असेल तर हिरवा, बरं असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल, आणि मग जनसुनवाई भरायची. आमच्याकडची पहिली जनसुनवाई मी सरकारी बाजूला, खुर्चीत बसून पाहिली. एक वारली म्हातारी उठली. कमरेच्या पिशवीतून तिने चार चिठ्ठ्या काढल्या, घामाने मऊ झालेल्या, आणि अधिकाऱ्यांच्या टेबलावर एकेक पसरून ठेवल्या. बाहेरच्या मेडिकलच्या चिठ्ठ्या होत्या त्या. तिला वाचता येत नव्हतं, पण कुठल्या चिठ्ठीला कोंबडी विकली आणि कुठल्या चिठ्ठीला उसने घेतले ते तिने सांगितलं. मांडवात आवाज नव्हता. जिल्ह्याचे साहेब समोर होते. त्यांनी तिथल्या तिथे साठा रजिस्टर मागवलं. चिठ्ठ्यांतली दोन औषधं आरोग्य केंद्रातच शिल्लक निघाली. नंतर आमचे सरपंच उठले आणि त्यांनी १० हजारांचा विषय काढला. पुढच्या वर्षी छापील यादी आली नाही, टाकी आली.

साहेब त्या मांडवात येऊ शकले, कारण त्यांचं ऑफिस एसटीने जाता येईल इतक्या अंतरावर होतं. म्हातारीला तिकिटाचे पैसे परवडले आणि ती संध्याकाळी घरी परत गेली. ज्याला जाब विचारायचा तो लोकांच्या टप्प्यात हवा, माझा सगळा आग्रह एवढ्यासाठीच आहे.

पोरांच्या एका मुद्द्याचं उत्तर मात्र दिलंच पाहिजे. एकच नियम हवा, असं ते म्हणतात. अहो, नियम आत्ताही एकच आहे. सपाटीवर ३० हजार लोकांमागे आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात २० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हे देशभराचं मानक आहे. नियम आहे, तो पाळायला लावणारं कुणी नाही, आणि ते काम दिल्ली करणार नाही. शिवाय आजार काही एका नियमाने चालत नाहीत. नंदुरबार-गडचिरोलीत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, कोकणात विंचू आहे. लाल विंचवाच्या दंशाने माणसं दगावायची, त्यावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध चालतं हे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडच्या परिसरात, खाटेशेजारी रात्री जागून शोधलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि पुढे ते काम देशभरातल्या आशांच्या कामात आलं. खालचं शहाणपण वर गेलं, असं मी माझ्या नोकरीत अनेकदा पाहिलं.

आरोग्य समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात अशा विषयांच्या यादीत टाकावं, असं पंधराव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष एन. के. सिंह यांनी २०२१ मध्ये सुचवलं होतं. त्यामागचा हेतू मी वाईट मानत नाही. पण समवर्ती सूचीत राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी भिडला, तर साधारणपणे केंद्राचा टिकतो. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत गेलं. आज वैद्यकीय प्रवेश कसे करायचे हे तमिळनाडूला स्वतः ठरवता येत नाही. ‘नीट’मधून सूट मिळावी म्हणून त्यांच्या विधानसभेने २०२१ मध्ये विधेयक मंजूर केलं, तरी सूट मिळाली नाही. एकदा वर गेलेला अधिकार खाली आणणं फार अवघड असतं. केंद्राने पैसा द्यावा, लशी द्याव्यात, औषधांच्या किमतींवर लगाम ठेवावा, राज्याबाहेर पसरणारी साथ आवरावी. ती कामं त्याचीच आहेत.

आता राज्याबद्दल. अखत्यार माझा म्हणायचं आणि पैसा सोडायचा नाही, हेही चालणार नाही. राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पातला ८ टक्क्यांहून जास्त वाटा २०२० पर्यंत आरोग्यावर खर्च करावा, असं २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय. महाराष्ट्र त्याच्या जवळपासही नाही. तमिळनाडूने औषध खरेदीचं महामंडळ १९९४ मध्ये काढलं. राजस्थानने २०११ पासून सरकारी दवाखान्यात मोफत औषधं दिली, आणि लोकांच्या संघटनांनी लावून धरल्यावर मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. तो करताना खासगी डॉक्टरांचा संप झाला, तडजोडी कराव्या लागल्या, पण कायदा झाला. आपल्याकडे औषध खरेदी प्राधिकरणाचा कायदा व्हायला २०२३ साल उजाडलं. म्हणून तुमचा मोर्चा मुंबईकडे आणि जिल्हा परिषदेकडे वळू द्या.

अर्ज असा करा. आधी आरोग्य केंद्रात जाऊन साठा रजिस्टरवर इंजेक्शन शेवटचं कधी आलं आणि कधी संपलं त्या तारखा उतरवून घ्या. दाखवलं नाही तर माहितीचा अधिकार आहे. त्या तारखा घालून ग्रामसभेत ठराव करा, आणि आसपासच्या पाच-सहा गावांनी तोच ठराव करावा. ठराव जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या. रुग्ण कल्याण समितीकडे थोडा निधी असतो, त्यातून तातडीने स्थानिक खरेदी करा अशी लेखी मागणी समितीच्या बैठकीत मांडा. आमदारांना तारखांसकट सांगा की यावर विधानसभेत तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, टाका. हजार सह्या या कागदाला जोडा. एक सांभाळा, ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांकडे येतं, जिल्हा परिषदेकडे नाही. तिथली तक्रार असेल तर वेगळा कागद करा, नाहीतर दोन्हीकडून ‘आमचं नाही’ असं उत्तर येईल.

आणि हे सगळं होईपर्यंत, साप चावलेल्या माणसाला आधी तुमच्या केंद्रात नेऊन वेळ घालवू नका. इंजेक्शन नक्की कुठे आहे ते आजच फोनवर विचारा आणि शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवा. पोरं घरी सांगतात.

* * *

ताई, मी आशा आहे, नऊ वर्षं झाली. काम दिल्लीचं, पैसे थोडे तिथले थोडे इथले, आणि मागणी केली की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. आम्ही कुणाशी भांडायचं?
– एक आशा

बाई, तुमच्याच बहिणींनी याचं उत्तर देऊन ठेवलंय. २०२४ च्या सुरुवातीला राज्यभरातल्या आशा आझाद मैदानात जाऊन बसल्या. थंडीत, लेकरं घेऊन. त्यांनी राज्याचं दार धरलं, आणि मार्चमध्ये मोबदल्यात ५ हजार रुपयांच्या वाढीचा शासन निर्णय निघाला. केंद्राकडे मागायचं ते मागत राहाच, कारण तुम्हाला स्वयंसेविका म्हणायचं की कर्मचारी, हा प्रश्न मुळात तिकडचा आहे. पण घराची चूल ज्याने पेटेल ते राज्याकडून लेखी घ्या. दर महिन्याला कोणत्या कामाचे किती आले हे वहीत लिहिता ना? लिहीत नसाल तर आजपासून लिहा. थकबाकी मागायला गेलात की पहिला प्रश्न तोच विचारतात.

* * *

खासगी रुग्णालयाने सासऱ्यांच्या बिलात काय काय लावलं ते कळतच नाही. विचारलं तर दिल्लीत ग्राहक मंचाकडे जा म्हणाले. आम्ही महापालिका हद्दीत राहतो.
– एक वाचक

दिल्लीला जायची काही गरज नाही. आपल्या राज्याचा १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे, आणि जन आरोग्य अभियानासारख्या संघटनांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर त्याचे नियम जानेवारी २०२१ मध्ये सुधारले गेले. रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. कोरोनात, मे २०२० मध्ये, याच राज्याने खासगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले होते. साध्या वॉर्डला दिवसाला ४ हजार, व्हेंटिलेटर नसलेल्या आयसीयूला साडेसात हजार, व्हेंटिलेटरसह ९ हजार. मनात आणलं तर राज्याला काय करता येतं, ते तेव्हा दिसलं. पुढे बिलांचं ऑडिट झालं आणि काही कुटुंबांना पैसेही परत मिळाले.

तुम्ही तपशीलवार बिल लेखी मागा. तो तुमचा हक्क आहे. मग महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे तक्रार द्या. दरपत्रक लावलेलं नसेल तर त्या भिंतीचा तारखेसह फोटो काढून जोडा. बिलाच्या आणि डिस्चार्ज कार्डाच्या झेरॉक्स द्या, मूळ कागद कुणी कितीही गोड बोलून मागितला तरी हातातून सोडू नका.