शून्य लिहिण्याआधी

प्रिय मुली,

पुढच्या आठवड्यापासून तू खेड्यांत घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांच्या दुखण्याखुपण्याचा खर्च विचारणार आहेस. तुझी प्रश्नावली वाचली, मन लावून केली आहेस. एकच सांगते. ‘गेल्या महिन्यात औषधपाण्यावर किती गेले?’ याला ‘काही नाही’ असं उत्तर आलं, तर लगेच पुढच्या प्रश्नाकडे जाऊ नकोस.

मी गेले होते. एका आजींच्या नावापुढे शून्य लिहून उठणार, तोच त्यांनी उशाखालची पिशवी काढून गोळी घेतली. रक्तदाबाची गोळी, ब्लेडने अर्धी केलेली. उरलेला तुकडा पाकिटाच्याच चांदीत परत गुंडाळलेला. रोज एक घ्यायची. त्या एक दिवसाआड अर्धी घेत होत्या. दहा गोळ्यांचं पाकीट चाळीस दिवस पुरायचं. म्हणून गेल्या महिन्यात खर्च नव्हता! माझं शून्य खरं होतं, आणि त्या शून्याची किंमत पुढे पक्षाघाताने वसूल होऊ शकली असती.

घराच्या एकूण खर्चातला उपचारांचा वाटा १० किंवा २५ टक्क्यांच्या वर गेला, की ते घर आजारपणाने अडचणीत आलं, असं जगभर वर्षानुवर्षं मोजत आले आहेत. मोजपट्टी उपयोगाची आहे, वापर. पण ज्यांनी उपचारच घेतले नाहीत ते तिच्यात सापडत नाहीत. कागदावर त्या आजींचं घर सुखरूप.

तेव्हा ‘डॉक्टरांनी सांगितलं पण घेतलं नाही, असं काय आहे?’ हा रकाना वाढव. गोळ्यांचं पाकीट बघायला माग आणि कधी आणलं ते विचार. हे विचारताना मुलगा-सून समोर नसतील तर बरं. त्यांच्यादेखत म्हातारं माणूस ‘मला काही होत नाही’ असंच म्हणतं, आणि ते खोटेपणाने नाही, घरावर भार नको म्हणून. मला हे बघून अजूनही गलबलतं.

दवाखान्याच्या बिलावरही थांबू नकोस. गाडीभाडं, सोबत गेलेल्याचा बुडालेला रोज, हे बिलात येत नाही. पैसे कुठून आणले तेही विचार. दुखणं बरं होतं, व्याज चालूच राहतं.

आणि कुणी गोळ्या पुरवून पुरवून घेताना दिसलं तर रागावू नकोस. ‘पुरी घ्या’ एवढं म्हणून निघूनही येऊ नकोस. गोळी पुरत का नाही ते विचार, आणि जवळच्या आरोग्य केंद्रात मोफत मिळते का ते स्वतः चौकशी करून त्यांना कळव. मी त्या दिवशी नुसतीच उठून आले होते.

पहिल्या आठवड्याचे फॉर्म भरले की पाठव. शून्य असलेले वेगळे काढून ठेव, ते आधी वाचेन.

तुझी,
ताई