शिखर शिंगणापूरच्या चैत्र यात्रेला कोणत्या दिवशी जावं? मुंगी घाटातली कावड नीट कुठून दिसते?

तुम्ही विचारलंय की एकच दिवस हाताशी आहे, तर चैत्र शुद्ध अष्टमीला जावं की द्वादशीला. शंभू महादेवाचं लग्न पाहायचं असेल तर अष्टमी, कावड पाहायची असेल तर द्वादशी. दोन्ही एका फेरीत जमवायचं म्हटलं तर मध्ये चार दिवस जातात, आणि गर्दीत मुक्कामाची सोय मिळणं अवघड.

शिंगणापूर माण तालुक्यात, सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, सुमारे १०५० मीटर उंचीच्या डोंगरावर आहे. शंभू महादेव हे भोसल्यांचं कुलदैवत. गाभाऱ्यात एक नाही, दोन लिंगं आहेत, शिव आणि शक्ती. म्हणूनच इथली यात्रा म्हणजे देवाचं लग्न. एरवी महादेवाला हळद वाहत नाहीत, पण इथे चैत्र शुद्ध पंचमीला हळदीचा विधी होतो. हळद लागलेला महादेव बघायचा तर तो याच यात्रेत.

अष्टमीचे दोन भाग धरा. दिवसा ध्वज बांधतात, म्हणजे शंभू महादेवाच्या शिखरापासून खालच्या बळीच्या देवळाच्या शिखरापर्यंत लांबच लांब पांढरं पागोटं ताणतात. हे बळीचं देऊळ म्हणजे अमृतेश्वर. बरेच लोक थोरल्या देवळाच्या आवारातच थांबतात आणि त्यांना पागोट्याचं एकच टोक दिसतं. दोन देवळांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभं राहिलात तर दोन्ही शिखरं एका नजरेत येतात. लग्न मात्र मध्यरात्री लागतं. संध्याकाळीच परत निघणाऱ्याचा मुख्य सोहळाच चुकतो, तेव्हा अष्टमीला यायचं तर रात्र काढायच्या तयारीनं या.

आता कावड. द्वादशीला गावोगावच्या कावडी येतात, पण सगळ्यांचे डोळे लागलेले असतात ते सासवडच्या तेल्याभुत्याच्या कावडीकडे. भुतोजी तेली यांच्या परंपरेची ही मानाची कावड. तिच्या तांब्याच्या रांजणांत कऱ्हेचं पाणी असतं आणि त्याच पाण्यानं देवाला अभिषेक होतो. कावड गाडीरस्त्यानं वर येत नाही. कोथळे गावाच्या बाजूनं मुंगी घाट आहे, तो सरळ अंगावर येणारा कडा म्हणा, तिथून ती चढवतात.

चढवायची रीत नीट समजून घेतली तर पाहताना काय चाललंय ते कळतं. पुढची माणसं एकमेकांचे हात धरून साखळी करतात, वरचा खालच्याला ओढतो, आणि दांडी धरलेले त्या आधारानं एकेक टप्पा वर सरकतात. जोर एकदम लागला पाहिजे, म्हणून हलगी-ढोल आणि ‘हर हर महादेव’ची आरोळी. तालावर सगळे मिळून रेटा देतात. दगड सुटे आहेत, रांजणातलं पाणी हिंदकळतं आणि भार क्षणात एका बाजूला जातो. त्या घटकेला एखाद्याचा पाय निसटला तर साखळी तुटू नये म्हणून बाजूला माणसं तयार असतात. कावड थोडी खाली घसरते, पुन्हा सावरतात, पुन्हा ‘म्हाद्या, धाव’ म्हणून हाक घालतात. ही हाक उद्धट वाटली तरी ती हक्काची आहे. घरच्या माणसाला हाक मारतात तशी.

पाहणाऱ्यांची एक चूक दरवर्षी दिसते. चांगला फोटो मिळावा म्हणून लोक घळीत उतरतात. वरून एक दगड सुटला की तो खालच्याला लागतो, आणि बाजूला व्हायला जागा नसते. तुम्ही वरच्या काठाला, कडेपासून दोन पावलं मागे थांबा. कावडी साधारण संध्याकाळी वर पोचतात, त्यामुळे तीनच्या सुमाराला जागा धरलेली बरी. चैत्रातलं ऊन, सावली जवळजवळ नाही. माणशी तीन लिटर पाणी, डोक्याला टॉवेल, पायात पकड असलेले बूट. लहान मुलं आणि म्हातारी माणसं देवळाकडेच राहू द्या.

अभिषेक रात्री उशिरा होतो. गाभारा लहान आहे, सगळ्यांना आत जाता येत नाही. मोठ्या हाराऐवजी बेल आणि चैत्रातला दवणा न्या, गर्दीत सांभाळायला सोपं जातं.

येण्यासाठी फलटण, दहिवडी आणि नातेपुते ही तीन गावं सोयीची. यात्रेत एसटीच्या जादा गाड्या सुटतात. स्वतःची गाडी आणली तर ती बरीच खाली लावावी लागते, तेव्हा चालायची तयारी ठेवा. मालोजीराजांनी पाण्याच्या टंचाईवर उपाय म्हणून बांधलेला तलाव डोंगरावर आहे, तो जाता-येता बघा. पिण्याचं पाणी मात्र घरूनच आणा.

तारखेचंही एक सांगतो. इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते, आणि तिथीचा क्षय किंवा वृद्धी असली की एका दिवसाचा फरक पडतो. कॅलेंडरवर विसंबून रजा टाकू नका, गावातून यात्रेचा कार्यक्रम जाहीर होतो तो बघूनच दिवस ठरवा. आणि नुसतं शांतपणे दर्शन हवं असेल तर यात्रा, श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र सोडून कुठल्याही साध्या दिवशी सकाळी या.