गेममधल्या प्रत्येक मॉन्स्टरला राक्षस म्हणायचं का?

प्रश्न असा होता: "मी मित्रांबरोबर गेम खेळताना मराठीत कॉमेंट्री करतो. मॉन्स्टर दिसला की तोंडातून ‘राक्षस आला, राक्षस आला’ असंच निघतं. पण झोंबी, स्केलेटन, तो हिरवा स्लाइमचा गोळा, हे सगळेच राक्षस कसे? मॉन्स्टरला नेमका मराठी शब्द कोणता?"

तुम्हाला खटकलं ते बरोबरच खटकलं. सगळ्यांना पुरेल असा एक शब्द मराठीत नाही आणि माझं मत विचाराल तर तो शोधायलाही जाऊ नका, कारण आपल्याकडे एकाच्या जागी वीसेक शब्द आहेत आणि ते वापराविना पडून आहेत. राक्षस हा शब्द मात्र जपून ठेवा, तो बॉससाठी, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणाऱ्या सगळ्यात तगड्या शत्रूसाठी लागणार आहे. का ते सांगतो.

मॉन्स्टर हा शब्द मूळचा लॅटिन, मॉन्स्ट्रम. त्याचा धागा ‘इशारा देणे’ या अर्थाच्या धातूशी जातो. दोन डोक्यांचं वासरू जन्माला आलं की काहीतरी अरिष्ट येणार असं लोक समजायचे, तसलं विपरीत काहीतरी म्हणजे मॉन्स्ट्रम. म्हणजे मॉन्स्टर होण्यासाठी फक्त दिसायला विपरीत असलं की झालं, त्याला नाव गाव, आईबाप, बोलणं काही लागत नाही. म्हणूनच इंग्रजीत वटवाघळापासून ड्रॅगनपर्यंत काहीही त्या एका पोत्यात भरता येतं.

राक्षसाचं तसं नाही. राक्षसाला नाव असतं, घराणं असतं, तो तप करतो, वर मागून घेतो, भांडतो, वाद घालतो, कधी कधी समोरच्यापेक्षा शहाणपणाचं बोलतो. रामायणाच्या उत्तरकांडात या शब्दाची गोष्टच दिली आहे. ब्रह्मदेवाने पाणी निर्माण केलं आणि ते सांभाळायला प्राणी निर्माण केले, त्यातले काही म्हणाले ‘रक्षामः’ ते राक्षस झाले, काही म्हणाले ‘यक्षामः’ ते यक्ष झाले. व्युत्पत्ती म्हणून ती कितपत धरायची हा प्रश्न वेगळा, पण गोष्टीतला राक्षस मुळात राखण करणारा आहे हे लक्षात घ्या. आता गेममधला बॉस काय करतो ते आठवा. दार अडवून बसतो, खजिना राखतो. १९७५ च्या सुमाराला अमेरिकेत प्लेटो नावाच्या संगणक व्यवस्थेवर ‘डीएनडी’ नावाचा गेम होता, त्यात तळघराच्या शेवटी एक सोनेरी ड्रॅगन बसलेला असायचा आणि तो जे राखत होता ते मिळवलं की गेम जिंकला. बॉस म्हणावा असा हा पहिल्या काहींपैकी एक. बॉस हा शब्दही मूळ इंग्रजी नाही, डच ‘बास’ म्हणजे मालक, त्यावरून आला. मालक, राखणदार, नावानिशी ओळखला जाणारा, मारायला सगळ्यात अवघड. हा आपला राक्षसच की.

आणि आपल्या गोष्टींमध्ये बॉसचा अजून एक गुण आधीपासून आहे. राक्षसाचा जीव पोपटात! सात समुद्रापलीकडे झाड, झाडावर पिंजरा, पिंजऱ्यात पोपट, आणि पोपटाची मान मुरगळल्याशिवाय राक्षस मरत नाही. गेममध्ये बॉसवर कितीही वार केले तरी ढिम्म, एका ठराविक जागी मारलं तरच खाली येतो, त्याला सगळे वीक पॉइंट म्हणतात. शॅडो ऑफ द कोलॉसस हा २००५ चा गेम तर पूर्ण याच्यावर उभा आहे, १६ अवाढव्य कोलॉसस, प्रत्येकाच्या अंगावर चढून ती चमकणारी खूण शोधायची आणि तिथेच तलवार खुपसायची. कॉमेंट्रीत ‘याचा पोपट कुठे आहे शोध’ असं म्हणून बघा, मराठी माणसाला एका क्षणात कळेल, समजावून सांगावं लागणार नाही.

अजून एक. बॉस मेला तरी त्याचं नाव मागे राहतं आणि आपल्याकडच्या असुरांचंही तसंच. कोल्हासुराने मरताना देवीकडे मागणं मागितलं की या नगरीला माझं नाव राहू दे, म्हणून कोल्हापूर, असं सांगतात. लोणारचं नाव लवणासुरावरून सांगतात आणि तिथलं प्रसिद्ध देऊळ दैत्यसूदनाचं, म्हणजे देऊळ मारणाऱ्याचं आणि गाव मरणाऱ्याचं.

आता कोणी म्हणेल की मग राक्षस नको तर दैत्य म्हणा, दानव म्हणा, असुर म्हणा. हे तीन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो पण दितीचे ते दैत्य आणि दनूचे ते दानव, ही कुळांची नावं आहेत, आडनावासारखी. शिवाय दैत्य म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यासमोर बळीराजा येतो. प्रल्हादाचा नातू, म्हणजे कुळाने दैत्यच, आणि आपण दिवाळीच्या पाडव्याला ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतो, शेतकऱ्यालाच बळीराजा म्हणतो. ज्याचं राज्य परत यावं म्हणून आपण प्रार्थना करतो त्याच्या कुळाचं नाव प्रत्येक येणाऱ्या जाणाऱ्या शत्रूला लावायचं हे माझ्या जिभेवर तरी चढत नाही.

मग बॉस सोडून बाकीचे जे झुंडीने येतात त्यांना काय म्हणायचं? गेमर लोक त्यांना मॉब म्हणतात. बऱ्याच जणांना वाटतं की मॉब म्हणजे जमाव, घोळक्याने येतात म्हणून मॉब. तसं नाहीये. १९७८ मध्ये इंग्लंडात एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने मड नावाचा अक्षरांवर चालणारा गेम सुरू केला, पुढे रिचर्ड बार्टलने तो वाढवला, त्यात जे प्राणी एका जागेवर न राहता हिंडायचे त्यांना मोबाइल म्हणजे हलते म्हणायचे, त्याचं तोडून मॉब झालं. म्हणून माइनक्राफ्टमध्ये एकटी गायसुद्धा मॉबच असते. पण यातली खरी गंमत पुढे आहे, जमाव या अर्थाचा इंग्रजी मॉबसुद्धा लॅटिनमधल्या ‘मोबिले वुल्गुस’ म्हणजे चंचल जनता याच्यातून सतराव्या शतकात तुटून आलेला आहे. एकाच शब्दाचे तीनशे वर्षांच्या अंतराने दोनदा तुकडे पडले आणि दोन्ही वेळा तुकडा तोच.

मराठीत यासाठी फार सुरेख शब्द आहे, पिलावळ. ‘बॉस मागे उभा आहे आणि त्याची सगळी पिलावळ अंगावर आली.’ आणि ही पिलावळ मेलेल्यांची असेल तर भुतावळ. हा -आवळ म्हणजे संस्कृतातला आवलि, ओळ. दीपावली, वंशावळ, नामावळ, सगळीकडे तोच आहे. मिनियन म्हणजे बॉसचे चिल्लर चाकर, मॉब, अनडेड आर्मी म्हणजे मेलेल्यांची फौज, यातलं जवळजवळ सगळं या दोन शब्दांत बसतं.

झोंबीबद्दल तुम्ही विचारलंय त्यावर जरा सविस्तर. हा शब्द हैतीतून आला, मुळं मध्य आफ्रिकेतल्या भाषांपर्यंत जातात. हैतीतला झोंबी कोणाला खात नाही, चावत नाही, मांत्रिकाने मेलेल्याला उठवून गुलामासारखं राबवलेलं असतं, तिथल्या लोकांनी गुलामगिरी भोगलेली होती त्यामुळे मेल्यावरही सुटका नाही ही त्यांची भीती. माणसं खाणारा झोंबी १९६८ च्या एका अमेरिकन सिनेमानंतरचा आणि गेममध्ये आला तो हा दुसरा. मराठीत आपण लिहितो झोंबी, आणि झोंबी हा आपला स्वतःचा जुना शब्द आहेच, झोंबणे, झोंबाझोंबी, म्हणजे अंगाला भिडून झटापट. दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण झोंबी येऊन अंगाला झोंबतो हे इतकं चपखल बसतं की मुलांना तो शब्द परका वाटतच नाही. तो तसाच ठेवा. अगदी मराठी हवं असेल तर चालतं मढं म्हणा, अंगावर काटा आणणारा शब्द आहे.

काही जण झोंबीला वेताळ म्हणतात, संस्कृत गोष्टींत वेताळ प्रेतात शिरतो म्हणून. ते मला पटत नाही. मराठी वेताळ हा भुतांचा राजा, अमावास्येला त्याची पालखी निघते, आणि कोकणात गोव्यात तर तो देव आहे. आरवलीच्या वेतोबाला लोक भल्यामोठ्या चपला वाहतात कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात. गोव्यात आमोण्याला, लोलयेला बेताळ पूजला जातो. ज्याच्या भरवशावर गाव झोपतं त्याचं नाव डोक्यात गोळी घालून पुढे जायच्या पिलावळीला देऊ नका.

स्केलेटनला सापळा म्हणाल तर कॉमेंट्रीत घोळ होईल कारण सापळा म्हणजे ट्रॅपसुद्धा, ‘पुढे सापळा आहे’ म्हटल्यावर मित्र धनुष्य काढेल की जमिनीकडे बघेल? सांगाडा म्हणा. स्लाइम हा १९८६ च्या ड्रॅगन क्वेस्टमुळे घरोघरी पोचला, तो थेंबाच्या आकाराचा निळा, हसरा. त्याला मी लिबलिब्या म्हणेन. माइनक्राफ्टमधला स्लाइम मात्र मारला की त्याचे लहान लहान स्लाइम होतात, तो रक्तबीज. थेंब सांडला की नवा उभा. माइनक्राफ्टमधलाच क्रीपर हा मॉन्स्टर क्रीपरच राहू दे, तो डुकराचं मॉडेल बनवताना उंची आणि लांबीची अदलाबदल झाली म्हणून जन्माला आलेला आहे, त्याला आपल्याकडे पूर्वज मिळणार नाही.

आपली भुतं आणि गेममधले मॉन्स्टर यांच्यात एक मोठा फरक आहे तो सांगायला हवा. गेममध्ये नाव पडतं ते मॉन्स्टर तुम्हाला काय करतो किंवा कसा दिसतो यावरून, मराठीत नाव पडतं ते तो माणूस मरताना काय राहून गेलं यावरून. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेला तो मुंजा, पिंपळावर राहतो. धनात जीव अडकला तो समंध. जखीण म्हणजे यक्षिणी, शब्द झिजत झिजत इथपर्यंत आला. खवीस अरबीतून आला, खबीस म्हणजे वाईट, घाणेरडा. लहानपणी आजीकडून या गोष्टी ऐकताना भीती वाटायची पण त्या मुंजाची दयाही यायची, आठ-दहा वर्षांचं पोर ते. म्हणून यातले शब्द सरसकट वाटू नका, जिथे गेमच्या कथेत त्या भुताची काही अपुरी गोष्ट असेल तिथेच वापरा. खजिन्यावर बसलेलं भूत दिसलं की समंध म्हणा, शंभर टक्के बरोबर.

आणि चकवा! हा तर वापराच. १९८६ च्या लेजंड ऑफ झेल्डामध्ये लॉस्ट वूड्स नावाची जागा आहे, तिथे ठराविक क्रमाने दिशा घेतल्या नाहीत तर कितीही चाला, तुम्ही फिरून त्याच झाडांमध्ये. आपल्याकडे रानात रात्री वाट चुकून माणूस पहाटेपर्यंत त्याच बांधाभोवती फिरत राहिला की म्हणतात चकवा लागला. गेममध्ये असा फिरवणारा रस्ता कुठेही आला की ‘चकवा लागलाय’ एवढंच पुरे.

शेवटी एक अडचण जिच्यावर माझ्याकडेही पक्कं उत्तर नाही. आपला राक्षस परदेशी जाऊन आलाय. डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या गेमच्या १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअल या पुस्तकात रक्षासा नावाचा प्राणी आहे, वाघाचं डोकं, अंगात झगा, हातात पाइप, आणि तो मरतो कशाने तर मंत्रवलेल्या क्रॉसबोच्या बाणाने. हे बाणाचं प्रकरण कुठल्या पुराणातलं नाही, १९७४ च्या एका अमेरिकन टीव्ही मालिकेच्या भागातून उचललेलं आहे. रूप बदलून फसवणं मात्र आपलंच, मारीचाचं हरीण आठवा. दुसरी वाट बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमधून जपानला गेली, तिकडे राक्षसाचा रासेत्सु झाला, यक्षाचा याशा, असुराचा आशुरा. स्ट्रीट फायटर या मारामारीच्या गेममधला अकुमा नावाचा लढवय्या उभ्या उभ्या सरकत जातो त्या डावाचं नाव आशुरा सेन्कू, त्यातला आशुरा म्हणजे आपला असुर.

तर गेममध्ये वाघाच्या डोक्याचा रक्षासा समोर आला तर मराठीत काय म्हणायचं? राक्षस म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाघ दिसणार नाही, रक्षासा म्हटलं तर आपलाच शब्द आपण परक्यासारखा उच्चारतोय असं वाटतं. मी सध्या ‘वाघतोंड्या राक्षस’ म्हणतो. तुम्हाला खेळता खेळता याहून बरं काही सुचलं तर जरूर कळवा.