बंदूक सरस असूनही १८७० च्या युद्धात फ्रान्स प्रशियाकडून का हरला?

तुम्ही विचारलंय की फ्रेंचांची शासपो रायफल प्रशियाच्या (म्हणजे सर्वात बलाढ्य जर्मन राज्याच्या) रायफलीपेक्षा चांगली होती, तर मग फ्रान्स दीड महिन्यात कोसळला कसा. रायफलीबद्दल तुमचं अगदी बरोबर आहे. शासपोचा मारा हजार-बाराशे मीटरपर्यंत पोचायचा, प्रशियाच्या ड्रायझेचा त्याच्या निम्म्यावर. १८ ऑगस्टला सां-प्रिव्हा गावासमोरच्या उघड्या चढावर प्रशियाच्या गार्ड सैन्याचे सुमारे आठ हजार लोक थोड्याच वेळात मेले किंवा जायबंदी झाले, ते या शासपोपुढेच.

पण मी रेल्वेच्या मालवाहतुकीत तीस वर्षं काढली. त्यामुळे हे युद्ध वाचताना माझी नजर आधी गाड्यांवर जाते. माझ्या मते फ्रान्स जुलैमध्येच, स्टेशनांवर हरला होता.

१९ जुलैला युद्ध पुकारलं ते फ्रान्सनेच. पण त्यांच्या फलटणी एका प्रांताच्या नसत, देशभर फिरत्या असत. राखीव शिपायाने घरून निघायचं, फलटणीच्या डेपोत जाऊन गणवेश आणि रायफल घ्यायची आणि मग आपली फलटण शोधत सीमेवर जायचं. झुआव्ह या फ्रेंच पायदळ फलटणींचा डेपो तर अल्जीरियात! उत्तर फ्रान्समधल्या माणसाने समुद्र ओलांडून ओरानला जायचं आणि परत आल्सासला यायचं. त्यात भर म्हणजे राखीव माणसं यायची वाट न पाहता फलटणी पुढे धाडल्या. माणसं एकीकडे, सामान दुसरीकडे.

सीमेजवळच्या मेट्झ या किल्ल्याच्या शहरात, तिथल्या स्टेशनात, वाघिणींची (मालडब्यांची) रांग लागली. कशात दारूगोळा, कशात पाव, कुणालाच ठाऊक नाही, आणि उतरवायला हातही पुरेसे नाहीत. यार्डात काम केलेल्याला हे सांगायला नको: एक वाघीण वेळेत रिकामी झाली नाही की मागच्या दहा अडकतात. २१ जुलैला जनरल मिशेल यांनी बेलफोरहून पॅरिसला तार केली. मतलब असा, की मी पोचलोय, पण माझी ब्रिगेड सापडत नाही, डिव्हिजनचे प्रमुखही सापडत नाहीत, आता काय करू? ही तार मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला त्या माणसाची फार दया आली. चूक त्याची नव्हतीच.

प्रशियात प्रत्येक कोअरचा (अनेक डिव्हिजन मिळून होणाऱ्या मोठ्या तुकडीचा) आपला जिल्हा ठरलेला. शिपाई तिथलाच, त्याचे कपडे आणि रायफलही तिथेच. प्रशियाचे सेनाप्रमुख मोल्टके यांच्या जनरल स्टाफमध्ये, म्हणजे युद्धाचं नियोजन करणाऱ्या कार्यालयात, रेल्वेचा वेगळा विभाग होता आणि कुठली गाडी कुठल्या मार्गाने जाणार हे शांततेच्या काळातच कागदावर उतरलेलं होतं. उत्तर जर्मन सैन्यासाठी सहा मार्ग, प्रशियाच्या बाजूच्या दक्षिण जर्मन राज्यांच्या सैन्यासाठी तीन. अठरा दिवसांत साडेचार लाखांहून जास्त माणसं सीमेवर उतरली. जुलैअखेर फ्रान्सकडे तिथे जेमतेम दोन-अडीच लाख होती, तीही अर्धवट सज्ज.

प्रशियाच्या क्रुप कारखान्यातल्या पोलादी तोफांचं श्रेय मी नाकारत नाही. त्या मागून भरायच्या, लांब पल्ल्याच्या. फ्रेंचांच्या तोफा ब्राँझच्या आणि तोंडातून भरायच्या. १ सप्टेंबरला सेदाँच्या खोलगटात अडकलेल्या सैन्याला या तोफांनीच भाजून काढलं आणि दुसऱ्या दिवशी खुद्द फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन शरण गेला. पण ते सैन्य तिथे अडकलं, कारण ते आधीपासूनच विस्कळीत आणि संख्येने कमी होतं. मार्शल बाझेन यांचं दुसरं मोठं फ्रेंच सैन्य तेव्हा मेट्झमध्ये कोंडलेलं होतं.

एक दुरुस्ती मात्र करतो. दीड महिन्यात कोसळलं ते नेपोलियनचं साम्राज्य. फ्रेंच लोक पुढे १८७१ च्या जानेवारीअखेरपर्यंत लढले. आणि सीमेपलीकडे गेल्यावर प्रशियाची रेल्वेही अडखळली. तूलचा फ्रेंच किल्ला २३ सप्टेंबरपर्यंत पॅरिसकडे जाणाऱ्या मुख्य रेल्वेमार्गावर पाय रोवून उभा होता आणि पुढे नांतेयचा बोगदा फ्रेंचांनी उडवून दिलेला. पॅरिसला वेढा १९ सप्टेंबरला पडला, पण जड तोफा आणि गोळे शेवटच्या टप्प्यात घोडागाड्यांवर ओढत न्यावे लागले. शहरावर प्रत्यक्ष गोळे पडायला ५ जानेवारी उजाडली. उशिराला इतरही कारणं होती, प्रशियाचे पंतप्रधान बिस्मार्क आणि मोल्टके यांच्यातला वाद हे त्यातलं एक, पण त्या गाड्या ओढणारे घोडे मला तरी विसरता येत नाहीत.