ग्रामोफोन विकून फी भरायची? आधी विकला गेलेला भाव बघा

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बेळगावातल्या शहापूरच्या घराचा माळा आवरताना सासऱ्यांचा चावीचा ग्रामोफोन, लाखेच्या 45 तबकड्या, मर्फीचा रेडिओ आणि एचएमटीची दोन घड्याळं निघाली. कोल्हापूरहून येणारा जुन्या वस्तूंचा व्यापारी सगळ्याचे मिळून उक्ते 22,000 द्यायला तयार आहे. पुण्याच्या भाच्यानं ऑनलाइन तसाच ग्रामोफोन 70,000 ला लावलेला दाखवला. ऑगस्टमध्ये मुलीच्या इंजिनिअरिंगची 1,10,000 रुपये फी भरायची आहे, आणि तीन लाखांची एफडी डिसेंबरात पिकते. ती मोडायची नाही म्हणून हे सगळं विकून फी भागवावी, असं तुमच्या मनात आहे.

माझं स्पष्ट मत असं की फी आणि माळ्यावरच्या वस्तू या दोन गोष्टी एकत्र बांधू नका. फीला तारीख आहे, जुन्या वस्तूच्या गिऱ्हाइकाला तारीख नाही. तारीख जवळ आली की तुम्ही मिळेल त्या भावात द्याल, आणि समोरच्या व्यापाऱ्याला ते चेहऱ्यावरूनच कळतं.

एफडी मोडू नका, तिच्यावर कर्ज घ्या. साधारणपणे एफडीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्के जास्त दरानं बँक देते. समजा 8 टक्के धरले, तर 1,10,000 वर चार महिन्यांचं व्याज तीन हजारांच्या आत येतं, आणि एफडीचं व्याज चालूच राहतं. घाईत विकून होणाऱ्या नुकसानीपुढे हा खर्च मला कमी वाटतो.

आता त्या 70,000 बद्दल. तो विकणाऱ्यानं मागितलेला आकडा आहे. तेवढे पैसे कुणी मोजले का, हे त्या जाहिरातीवरून कळत नाही. ओएलएक्सवरची जाहिरात निघाली म्हणून वस्तू त्या भावात गेली असंही समजू नका. कंटाळून काढलेली असू शकते. शिवाय भाच्यानं दाखवलेल्या फोटोत पितळेचा मोठा भोंगा आहे, तुमच्या पत्रात तर बॅगेसारखी मिटणारी पेटी आहे. या दोन वस्तूच वेगळ्या. भोंग्यावर कुत्र्याचं चित्र लावून विकले जाणारे पुष्कळ ग्रामोफोन अलीकडे जोडलेल्या नकला असतात. तुमची पेटी वर्णनावरून एचएमव्हीची 102 जातीची वाटते. ती 1931 पासून पुढं वर्षानुवर्षं बनत होती, म्हणजे अस्सल असली तरी दुर्मिळ नाही. नंबरपट्टी बघून खात्री करा.

खरा भाव शोधायचा तो असा. ई-बेची भारतातली साइट 2018 साली बंद झाली, पण अमेरिकेची आणि इंग्लंडची साइट इथून बघता येते. तिथं शोध घेतल्यावर ‘सोल्ड आयटम्स’ची खूण लावा, साधारण गेल्या तीन महिन्यांतली विक्री दिसते. ‘कम्प्लीटेड’ लावलं तर न विकलेल्याही दिसतात, आणि मला तेच जास्त मोलाचं वाटतं. वीस पेट्या लावल्या आणि सहाच गेल्या असतील, तर बाजार कसा आहे ते तुमच्या ध्यानात येईल. एक बारकावा सांभाळा: किंमत रेघ मारून खोडलेली दिसली तर ती घासाघीस होऊन कमी पैशांत गेलेली असते आणि खरा आकडा तिथं नसतो. तसली नोंद वगळा. भाच्यानं विक्रेत्याचं खातं काढलं तर टेरापीक नावाच्या सोयीत तीन वर्षांपर्यंतची विक्री बघता येते.

एका वहीत आठ-दहा नोंदी उतरवा: तारीख, भाव, चावी फिरते का, साउंडबॉक्स (सुई बसवलेला, आवाज काढणारा भाग) मूळचा आहे का, पेटीचं कापड कसं आहे. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा सोडून मधला धरा. तोही परदेशातल्या गिऱ्हाइकाचा भाव. बेळगावात तोच मिळेल असं नाही, म्हणून भारतातल्या संग्राहकांच्या गटांत ‘विकलं’ म्हणून टाकलेल्या वस्तू कितीला गेल्या ते विचारा. भाच्याला रविवारी किंवा बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजारात एक फेरी मारायला सांगा.

तबकड्यांसाठी डिस्कॉग्स ही रेकॉर्डच्या खरेदी-विक्रीची साइट बघा. तिथं एकेका रेकॉर्डचा आजवर विकला गेलेला सगळ्यात कमी, मधला आणि सगळ्यात जास्त भाव दिसतो. जुन्या मराठी तबकड्यांच्या नोंदी मात्र तुरळक. लेबलवरचा नंबर टाकून शोधा, नावावरून गोंधळ होतो. वजनावर तर मुळीच देऊ नका. त्यांत कुमार गंधर्वांची एक आहे असं तुम्ही लिहिलंय. ते आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे, 1924 चा जन्म. ती तबकडी मी तरी व्यापाऱ्याच्या ढिगात टाकणार नाही.

घड्याळांना दुरुस्ती-रंगासाठी हात लावू नका. एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करायचा निर्णय सरकारनं 2016 साली घेतला, त्यामुळे जुन्या घड्याळांना गिऱ्हाईक आहे, पण ते मूळ डायल बघतं. माझ्या वडिलांच्या ‘जनता’ची पिवळी पडलेली डायल मी हौसेनं रंगवून घेतली. पुढं एका संग्राहकाला दाखवली, तर त्यानं भिंग लावून आकड्यांची जाड झालेली कड बघितली आणि घड्याळ परत माझ्या हातात ठेवलं. तेव्हापासून मी हे प्रत्येकाला सांगतो.

मधला भाव निघाला की खर्च वजा करा. समजा ग्रामोफोनचे 10,000 येतात. साइटचं कमिशन, लाकडी खोकं, वाहतूक आणि वाटेत फुटण्याची भीती धरून हातात सात-आठ हजार उरले, तर त्या आकड्याची तुलना व्यापाऱ्याच्या भावाशी करायची. पाठवायची वेळ आली तर दिलेली चावी पूर्ण उतरू द्या आणि साउंडबॉक्स काढून वेगळा गुंडाळा. रेडिओ जड आणि नाजूक, तो इथंच जवळपास विकलेला बरा. व्यापाऱ्याला उक्ता भाव नको, एकेका वस्तूचा भाव लिहून मागा. तो कशाचा आकडा सांगायला टाळतो ते बघा. बहुधा त्याला तीच वस्तू हवी असते.

इन्कम टॅक्सची काळजी नको. घरात वापरलेल्या अशा वस्तू भांडवली मालमत्तेत धरत नाहीत. दागिने, चित्रं, मूर्ती यांना ही सूट नाही. माळ्यावर शंभर वर्षांवरची मूर्ती किंवा 75 वर्षांवरची हस्तलिखित पोथी निघाली तर ती ऑनलाइन टाकू नका. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात अडकाल. आणि गिऱ्हाईक ‘पैसे घ्यायला हा क्यूआर स्कॅन करा’ म्हणालं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. चुकून पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा.

शेवटचं एक, आणि हे भाव बघण्याच्याही आधी करा. वस्तू सासऱ्यांच्या आहेत, म्हणजे खानापूरच्या तुमच्या नणंदेचाही त्यांत वाटा आहे. फोटो ऑनलाइन जाण्यापूर्वी त्यांना फोन करा, काय हवंय ते विचारा आणि त्यांचा होकार व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. कदाचित त्या ग्रामोफोनच मागतील.